परदेशातले किल्ले आणि राजवाडे बघायला निघताय? मुंबई सोडण्याआधी एवढं करा

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला किल्ला बघायला कुणाची परवानगी लागत नाही. रात्रीची कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकायची आणि उजाडता उजाडता चढायला लागायचं. परदेशातला किल्ला मात्र आधी तारीख विचारतो, मग वेळ, मग नाव आणि पासपोर्ट नंबर. हे माहीत नसलं की लाखांचा खर्च करून माणसं दारापर्यंत जातात आणि बाहेरून फोटो काढून परत येतात. स्पेनमधल्या ग्रॅनडाला, अल्हांब्रा या किल्लेवजा राजवाड्याच्या तिकीटखिडकीपाशी मी असं एक मराठी कुटुंब बघितलंय. आजी-आजोबा सोबत, दुपारची उन्हं, आणि त्या दिवसाची तिकिटं संपलेली. ते वाईट वाटणं अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, कारण घोळ बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे होतो.

१. आधी किल्ला, मग शहर, मग विमान

आपण उलटं करतो. विमानाचं स्वस्त तिकीट दिसलं की काढतो आणि बाकीचं मागून जुळवत बसतो. त्याऐवजी या सहलीत कुठली एक-दोन ठिकाणं काहीही झालं तरी बघायचीच, ते आधी घरात बसून ठरवा. मग त्यांची साप्ताहिक सुट्टी बघा. हे दिवस वहीत लिहून ठेवा:

- व्हर्सायचा राजवाडा (पॅरिसजवळ): सोमवारी बंद
- लूव्र (आज संग्रहालय, पण मूळचा राजवाडा): मंगळवारी बंद
- तोपकापी, इस्तंबूल: मंगळवारी बंद. त्याच शहरातला दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी बंद
- निषिद्ध नगर (चिनी सम्राटांचा राजवाडा, ‘फॉरबिडन सिटी’), बीजिंग: सोमवारी बंद, सरकारी सुट्ट्यांचा अपवाद
- ग्योंगबोकगुंग, सोल: मंगळवारी बंद. जवळचा चांगदोकगुंग सोमवारी बंद
- विंडसर कॅसल, लंडनजवळ: मंगळवार आणि बुधवार बंद

पॅरिसचं गणित नीट समजून घ्या. सोमवारी व्हर्साय बंद आणि मंगळवारी लूव्र बंद, त्यामुळे मंगळवारी सगळं शहर व्हर्सायकडे लोटतं. शक्य असेल तर बुधवार किंवा गुरुवार धरा. लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसचे दिवाणखाने मुख्यतः उन्हाळ्यातच लोकांना खुले असतात. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर फाटकाचं दर्शन होईल, आतलं नाही. माद्रिदच्या राजवाड्यात सरकारी समारंभ असला की तो ऐनवेळी बंद ठेवतात. म्हणून निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर एकदा परत नजर टाकाच.

पहिल्यांदाच परदेशात जाताय आणि या सगळ्याचं दडपण येतंय? मग श्रीलंकेतल्या गॉलपासून सुरुवात करा. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे आणि पुढे समुद्राला खेटून जाणारी रेल्वे. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, आत माणसं राहतात. संध्याकाळी तटावरून चालत फिरायचं. निघण्याआधी ईटीए, म्हणजे तिथला प्रवास परवाना, ऑनलाइन घ्यायला विसरू नका.

२. पासपोर्टवर जसं नाव, तसंच तिकिटावर

अल्हांब्राचं तिकीट नावानिशी असतं आणि आत शिरताना पासपोर्ट ताडून बघतात. निषिद्ध नगरातही पासपोर्ट नंबर दिल्याशिवाय तिकीट मिळत नाही. आता आपली पद्धत बघा: स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवर बहुतेकांची पहिली दोन नावं ‘गिव्हन नेम’च्या ओळीत एकत्र येतात आणि आडनाव वेगळ्या ओळीत. ऑनलाइन अर्जात मात्र आपण सवयीने फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकून मोकळे होतो.

पासपोर्ट समोर उघडा ठेवून, अक्षर अन् अक्षर बघत भरा. स्पॅनिश संकेतस्थळांवर आडनावासाठी कधी कधी दोन रकाने दिसतात, कारण तिथे माणसाला दोन आडनावं असतात. दुसरा रकाना रिकामा सोडता येत असेल तर सोडा. त्यात वडिलांचं नाव कोंबू नका. लग्नानंतर आधारवर नाव बदललं पण पासपोर्टवर माहेरचंच आहे, अशा बायका आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी विमान, व्हिसा आणि तिकीट तिन्हीकडे पासपोर्टवरचंच नाव वापरायचं. आधार घरी राहिलं तरी चालेल.

आणखी एक अडचण हमखास येते. तिकीट काढल्यावर पासपोर्टचं नूतनीकरण केलं, तर नंबर बदलतो. मुदत संपत आली असेल तर आधी नवा पासपोर्ट हातात घ्या आणि मगच बुकिंगला बसा. चुकून उलटं झालंच, तर रद्द केलेला जुना पासपोर्टही बरोबर ठेवा.

३. व्हिसा आधी की तिकीट आधी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. व्हिसा हातात येईपर्यंत चांगल्या वेळेची तिकिटं संपलेली असतात, आणि व्हिसा नाकारला तर बऱ्याच ठिकाणी तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. एप्रिल-मे म्हणजे आपल्या शाळांच्या सुट्ट्या. तेव्हा मुंबईत अर्ज केंद्राची वेळ मिळणंच मुश्कील होतं. मे महिन्यात जायचं असेल तर फेब्रुवारीत फाइल आत गेलेली असावी. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा.

माझं मत स्पष्ट आहे. जी तिकिटं खरोखर लवकर संपतात ती व्हिसाच्या आधी काढा. अल्हांब्रा आणि जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन ही त्यातली दोन. विमानभाड्याच्या तुलनेत ही रक्कम लहान असते आणि ती जोखीम घेण्यासारखी आहे. बाकीची तिकिटं व्हिसा आल्यावर निवांत काढा. हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच घ्या.

शेंगेनसाठी साधारण लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला
- ठरलेल्या मापाचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- विमानाचं आरक्षण, राहण्याच्या जागेचे पुरावे, दिवसवार कार्यक्रम
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर कंपनीचं रजा मंजुरीचं आणि ना-हरकतीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या. स्वतःचा धंदा असेल तर त्याच्या नोंदणीची कागदपत्रं
- मुलं सोबत असतील तर त्यांचे जन्मदाखले, आणि एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र

दिवसवार कार्यक्रमात ‘सकाळी अमुक किल्ला’ असं लिहिलंत तर हॉटेल त्याच गावातलं दिसलं पाहिजे. कार्यक्रम आणि हॉटेल जुळत नसले की शंका येते.

४. तिकीट काढायला बसाल तेव्हा

फोनवर शोधलंत की पहिल्या दोन-चार ओळी बहुतेक जाहिरातींच्या येतात. संकेतस्थळं दिसतात अधिकृत, पण ती दलालांची असतात आणि तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. शेवटपर्यंत खाली जा, संस्थेचं नाव वाचा, आणि खात्री पटल्यावरच कार्ड काढा.

तिकिटावरची वेळ नेमकी कशाची आहे, तेही वाचा. अल्हांब्राच्या सर्वसाधारण तिकिटावरची वेळ आतल्या मुख्य, म्हणजे नसरी राजवाड्यात शिरण्याची असते. बाकीचा किल्ला आणि हेनेरालिफेची बाग त्याच दिवशी पुढेमागे बघता येते. तिकीटखिडकीच्या बाजूने आत शिरलात तर नसरी राजवाड्यापर्यंत चालायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिकीट आधीच हातात असेल तर न्यायद्वारातून थेट या, ते जवळ पडतं. उशीर झाला तर आत घेत नाहीत, आणि विनवण्यांचा उपयोग नाही.

तिकिटं संपलीच असतील तरी फाटकावरून परत फिरू नका. अल्हांब्रात रात्रीच्या भेटीचं वेगळं तिकीट असतं, ते बघा. तेही नसेल तर न्यायद्वार आणि पाचव्या चार्ल्सचा राजवाडा विनातिकीट बघता येतो. तिथून समोरच्या आल्बाइसिन टेकडीवर जा आणि सान निकोलासच्या चौकातून मावळतीच्या उन्हात तांबडी होत जाणारी तटबंदी बघा. त्या कुटुंबाला मी हेच सांगितलं होतं.

पैशांबद्दल तीन गोष्टी. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, म्हणून तिथे गेल्यावर तिकीट काढायची वेळ आली तर ते सिम फोनमध्ये आणि रोमिंग चालू हवं. नुसतं तिथलं ई-सिम घेऊन भागत नाही. आणि कार्डाच्या मशीनवर ‘रुपयांत द्यायचे की युरोत’ असं विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर मशीनवाला ठरवतो आणि तो महाग पडतो.

५. पाठीवर काय, पायात काय

ट्रेकची मोठी सॅक इथे अडचण होते. मोठ्या बॅगा बहुतेक राजवाड्यांत आत नेऊ देत नाहीत, आणि जिथे देतात तिथे पाठीवरून काढून पोटाशी धरायला लावतात. विमानातून उतरून सामानासकट थेट किल्ल्यावर जाण्याचा बेत करू नका. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड घरीच ठेवा. फळं कापायचा चाकू सॅकच्या कप्प्यात राहून गेला असेल तर हॉटेलवर काढून ठेवा, दारात तपासणी असते.

खाण्याची सवय बदलावी लागते. गडावर आपण सावली बघून बसतो आणि दशम्या-चटणी सोडतो. तिथे दालनांत पाण्याची बाटलीही उघडता येत नाही. थेपले, चिवडा जरूर न्या, पण खाण्यासाठी नेमलेल्या जागी किंवा बाहेर बागेत बसून खा.

कपड्यांचा नियम बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये सर्वांत कडक आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि हे पुरुषांनाही लागू आहे. सुती सलवार-कमीज किंवा सैल पँट आणि बाह्यांचा शर्ट घातला की प्रश्नच उरत नाही. पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात आत फोटो काढत नाहीत. लंडनच्या टॉवर या किल्ल्यात जडजवाहिराच्या दालनात, आणि नॉयश्वानस्टाइनच्या आतही, फोटोंना बंदी आहे.

बूट निवडताना जपानचा विचार करा. हिमेजीच्या मुख्य बुरुजात शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात. आतले जिने लाकडी, शिडीसारखे उभे, आणि शेकडो वर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले. एका हातात बुटांची पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा, आणि पायात नुसते मोजे. नायलॉनचे मोजे घसरतात, सुती जाड घाला. नाडीचे उंच ट्रेकिंग बूट नकोत. पटकन काढता-घालता येतील असेच हवेत.

६. पोचल्यावर कुठून सुरुवात करायची

दार उघडायच्या आधी अर्धा तास पोचा आणि सगळे जिथे शेवटी जातात तिथे आधी जा. लंडनच्या टॉवरमध्ये सरळ राजमुकुटांच्या दालनाकडे चालायला लागा. कोहिनूर तिथे, राणी एलिझाबेथच्या आईसाठी १९३७ साली घडवलेल्या मुकुटात आहे. मुख्य मुकुटांसमोर सरकता पट्टा असल्याने थांबता येत नाही, पण सकाळी गर्दी नसताना वळसा घालून पुन्हा पट्ट्यावर चढता येतं. मग बाहेर येऊन गडद निळ्या-लाल पोशाखातल्या पहारेकऱ्यांची फेरी धरा. ती तिकिटातच धरलेली असते. ही माणसं सैन्यात दीर्घ नोकरी केलेली असतात आणि ज्या किल्ल्याची गोष्ट सांगतात, त्याच किल्ल्यात राहतात.

व्हर्सायला पॅरिसहून आरईआर सी या उपनगरी गाडीने जाता येतं. गावात व्हर्साय नावाची अनेक स्टेशनं आहेत. राजवाड्याला सर्वांत जवळचं ‘व्हर्साय शातो रीव्ह गोश’, तेच नाव गाडीच्या पाटीवर बघून चढा. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या किल्ल्यात रविवार सोडून बहुतेक दिवशी दुपारी एक वाजता तोफ उडते. ही प्रथा १८६१ पासूनची आहे, त्यामुळे त्या सुमारास वरच्या तटावर असा. निषिद्ध नगरात दक्षिणेच्या दारानेच शिरायचं असतं. उत्तरेच्या दाराने बाहेर पडलात तर समोरच जिंगशानची टेकडी आहे. थकला असाल तरी ती चढा, सगळी छपरं एका नजरेत दिसतात.

शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधी अर्धा-एक तास थांबतो, हे सगळीकडे लक्षात ठेवा. आणि एका दिवशी एकच मोठा राजवाडा. सहल कंपन्या सकाळी एक, दुपारी एक असं बसवतात. त्यात वाहनतळच जास्त बघून होतात.

७. आपल्या नजरेने बघा

माझ्या मते खरी मजा इथे आहे, आणि इथे आपण बाकीच्या प्रवाशांच्या पुढे आहोत. गड चढलेल्या माणसाला तटबंदी, खंदक, जंग्या, देवड्या कुणी समजावून द्याव्या लागत नाहीत.

दारापाशी आधी थांबा. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि शत्रूला वळण घेऊनच यावं लागतं. आता अल्हांब्राचं न्यायद्वार बघा. ते १३४८ सालचं आहे. आतली वाट सरळ जात नाही, कोनात वळत वळत वर चढते. धावत येणाऱ्याचा वेग मोडायचा, हाच हेतू. हिमेजीत तर मुख्य बुरूज सतत समोर दिसतो आणि वाट मात्र फिरवत राहते, मध्येच पाठ करून उतरायलाही लावते. भिंतींतली भोकं बघा: गोल आणि त्रिकोणी बंदुकीसाठी, उभी चौकोनी बाणांसाठी. वर दगड टाकायला झरोके. तिथे उभं राहून खालच्या वाटेकडे बघितलं की किल्ला कुणी आणि कशासाठी बांधला ते आपोआप कळतं.

मग पाण्याचा माग काढा. गंगासागर तलावाशिवाय रायगड टिकला नसता. अल्हांब्राच्या कारंज्यांचं पाणी दारो नदीचं आहे. सुमारे सहा किलोमीटर वरून कालवा काढून ते टेकडीवर आणलंय. सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याची कुंडी आहे, आणि चारही बाजूंच्या दालनांतून आलेले अरुंद पाट तिथे मिळतात. सगळे वर नक्षीकडे बघत असताना तुम्ही खाली त्या पाटांकडे बघा.

बुरुजांचा आकारही खूप काही सांगतो. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी कोनदार बुरूज बांधले, कारण तोफा आल्यावर कुठलाही कोपरा माऱ्याबाहेर राहू द्यायचा नव्हता. चिमाजीअप्पांनी १७३९ साली तो किल्ला घेतला, तेव्हा मराठ्यांनी काय पेललं ते बुरुजांच्या माऱ्याखाली उभं राहूनच कळतं. गॉलला डचांचे कोनदार बुरूज आहेत, त्यांतल्या तिघांची नावं सूर्य, चंद्र आणि तारा. म्हणून माझा आग्रह आहे की परदेशी निघण्याआधी एका रविवारी वसई गाठा. नवे बूट घाला, अर्धा दिवस चाला. बुटांची परीक्षा होते आणि नजरही तयार होते.

राजवाडा वाचायची किल्ली वेगळी. तो आत आत जातो. रायगडावर नगारखान्यातून राजसदर, आणि मागे राणीवसा. तोपकापीत एकामागे एक चार चौक आहेत, आणि प्रत्येक दाराशी आत जाऊ शकणाऱ्यांची संख्या कमी होत जायची. निषिद्ध नगरात दक्षिणेला समारंभांची दालनं, उत्तरेला राहण्याची. व्हर्सायमध्ये आरसेमहालात पोचल्यावर ७३ मीटर लांबी आणि ३५७ आरसे बघून डोळे दिपतात, पण नुसते झुंबरांचे फोटो काढून पुढे सरकू नका. १८७१ साली जर्मन साम्राज्याची घोषणा याच दालनात झाली, आणि २८ जून १९१९ रोजी पहिल्या महायुद्धानंतरच्या तहावर जर्मनीला याच दालनात सही करायला लावली.

लूव्रला गेलात तर तळघरात उतराच. वर मोनालिसासमोर रांग असते, आणि खाली बाराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप ऑगस्टने बांधलेल्या मूळ किल्ल्याचा खंदक आणि बुरुजांचे पाये उभे आहेत. तिथे फारसं कुणी नसतं.

८. ठगांपासून सावध

बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसच्या आसपास कुणीतरी नीटनेटका माणूस भेटतो आणि सांगतो, आज राजवाडा बंद आहे, मी टुकटुकने दुसरं मंदिर दाखवतो. ती फेरी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात संपते. थांबू नका, दारापर्यंत स्वतः चालत जा. ग्रॅनडात बायका हातात रोजमेरीची डहाळी देतात आणि मग पैसे मागतात. हात मागे घ्या आणि पुढे व्हा. रांगेबाहेर ‘लगेच प्रवेश’ म्हणून तिकीट विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

९. आई-बाबा आणि मुलं सोबत असतील तर

गुडघे दुखणाऱ्यांना हिमेजीचे जिने झेपणार नाहीत, आणि श्रीलंकेतल्या सिगिरियाचा खडकही नाही. त्यांना खाली बागेत बसवून बाकीच्यांनी वर जाणं चांगलं. व्हर्सायचं मुख्य दालन, दोल्माबाहचे, निषिद्ध नगर इथे चढण कमी, पण चाल भरपूर आहे. आधी सांगितलं तर चाकाची खुर्ची बऱ्याच ठिकाणी मिळते. एडिंबरोला दगडी फरसबंदीचा चढ दमवतो. चालायला त्रास असलेल्यांसाठी वर नेणारी गाडी असते, दारातच विचारा. नॉयश्वानस्टाइनला तिकीटघरापासून अर्धा-पाऊण तासाची चढण आहे आणि फेरीची वेळ ठरलेली, म्हणून वृद्ध सोबत असतील तर एक तास हाताशी ठेवून निघा.

मुलांचं तिकीट फुकट असलं तरी ते काढावं लागतं, हे खूप जणांना माहीत नसतं. अल्हांब्रात बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांच्या नावाचं तिकीट हवंच, आणि तेही त्याच वेळेचं. व्हर्सायला अठरा वर्षांखालचे सगळे मोफत. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मात्र पूर्ण पैसे पडतील, कारण सव्विसाच्या आतली सवलत युरोपात राहणाऱ्यांसाठीच आहे. दारात वय विचारतात, म्हणून मुलांचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका.